पाळीचा धोंडा

उंबरटेपात दारं अठरा आणि धोंडा एक, म्हणून एकेका दाराला तो दीड वर्षानं यायचा. पासलीच्या पुढं जिथून एसटी मागं वळते तिथून तासभर चढलं की हे टेप लागतं. तिथून तोरणा दिसतो, पण गावाकडं पाठ करून बसल्यासारखा. गेनबा सांगायचा, कोण्या एका काळी इथल्या म्हातारीनं त्याला तोंडावर बुटका म्हटलं, तेव्हापासून तो रुसलाय. गेनबाची सत्तरी उलटली होती, आणि त्यानं सांगितलेली एखादी गोष्ट चुकून खरी निघाली तर तो आठवडाभर शरमेनं घराबाहेर पडत नसे.

धोंडा मात्र खरा होता. भरल्या घागरीएवढा, काळा, तेल पिऊन पिऊन म्हशीच्या पाठीसारखा चमकणारा. त्याला ना देऊळ, ना त्याच्यावर एखादं अक्षर. दर अमावास्येच्या सकाळी ज्या दारी तो असेल तिथं पुढच्या दाराचं माणूस चुंबळ घेऊन यायचं, धोंडा डोक्यावर घ्यायचं आणि वाटेत कुठंही न टेकवता आपल्या ओट्यावर नेऊन ठेवायचं. वाटेत टेकवला, किंवा पाळी संपल्यावर द्यायला कुरकुर केली, तर गावजेवण. ज्याच्या ओट्यावर धोंडा, त्याच्या दारात महिनाभर गावची सगळी भांडणं. भांडणाऱ्यांनी धोंड्यावर हात ठेवून बोलायचं, हात ठेवल्यावर खोटं बोलायचं नाही, आणि पाळीच्या घरानं दोघांना चहा द्यायचा. भांडण मिटेस्तोवर बिनसाखरेचा. कज्जा घेऊन वेल्ह्याला जायचं तर अख्खा दिवस मोडतो. इथं तिसऱ्या कपाला माणूस आपोआप शहाणा व्हायचा.

गेनबानं मात्र आयुष्यात एकदाही धोंड्याला हात लावला नव्हता. त्याच्या घरची पाळी आली की धोंडा सून उचलायची, आणि त्याच्याशी कुणी भांडण काढलं की तो धोंड्यापर्यंत न जाता आधीच हार मानायचा.

अठरावं दार गुलजारबीचं, खालच्या अंगाला, करंजाच्या झाडाशी. तिचा नवरा अमजद मुलाणी. जत्रेतल्या पहिल्या बकऱ्याचा मान त्याच्या सुरीचा होता. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा एहसान भोरात शिलाईचं दुकान टाकून बसलेला, सून अम्रीन गुणाची, घर चार खोल्यांचं, नळाला पाणी. दर भेटीत एहसानचं एकच म्हणणं असायचं की अम्मानं दाराला कुलूप लावावं आणि भोरला यावं. गुलजारबी ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशीची पहिली एसटी धरायची. कारण ज्या दारात संध्याकाळी दिवा लागत नाही त्या दाराची पाळी जाते, हा उंबरटेपाचा नियम. पूर्वी दारं वीस होती. दोन दारं पुण्याला गेली. आज त्यांच्या ओट्यावर आघाडा माजलाय, आणि त्या घरची पोरं जत्रेला आली की गाव त्यांना पाव्हणं म्हणतं, चहाबरोबर बिस्कीट देतं. गुलजारबीला या गावात बिस्कीट नको होतं.

दोन हजार तीन सालचा उन्हाळा. भोरातल्या एका संस्थेनं भोर-वेल्हे भागातल्या जुन्या वस्तूंचं संग्रहालय काढायचं ठरवलं आणि त्याचे व्यवस्थापक आनंदराव वही घेऊन टेपावर चढले. पांढरी पँट, खिशाला दोन पेनं, स्वभावानं माणूस सरळ. पण त्यांना पहिला भेटला गेनबा. आनंदरावांनी धोंड्याकडं बोट केलं आणि हे काय म्हणून विचारलं. गेनबानं त्यांना सावलीत बसवून सांगितलं, की हा तोरण्यावरच्या तोफेचा गोळा. ज्यांच्यावर उडवला ते खाली वाकले, म्हणून गोळ्याला कुणी सापडलं नाही, आणि रिकाम्या हातानं परत कसं जायचं या लाजेनं तो तीन दिवस आभाळात हिंडला. चौथ्या दिवशी दमून मुलाण्याच्या घरातल्या आमटीच्या पातेल्यात पडला. आमटी थेंबभरही सांडली नाही, फक्त मीठ कमी झालं.

आनंदरावांनी आमटी सोडून बाकी सगळं लिहून घेतलं. गेनबाची जन्मातली चूक तीच झाली. आजवर त्यानं थापा मारल्या त्या ऐकणाऱ्यांपुढं. लिहिणाऱ्यापुढं ही पहिली.

मार्गशीर्षात गुलजारबीची पाळी सरत आली होती. अमावास्येच्या सकाळी पुढच्या दाराची चंद्राबाई न्हाऊन, नवी चुंबळ घेऊन ओट्यापाशी येऊन उभी राहिली, आणि त्याच वेळी करंजाखालून आनंदराव वर आले. मागं वेल्ह्याचे दोन हमाल. टेम्पो खाली रस्ता संपतो तिथं उभा. हातात ग्रुप ग्रामपंचायतीच्या सरपंचाचं पत्र, की उंबरटेप येथील तोफगोळा संग्रहालयास देण्यास आमची संमती आहे. सरपंच राहायला खालच्या मोठ्या गावात. मतं मागून गेल्यापासून त्याला ही चढण मानवत नव्हती.

गाव जमलं. आनंदराव गोडच बोलले. तुमचा वारसा काचेत राहील, वर दिवा लागेल, खाली गावाचं नाव येईल, भोरची शाळेची मुलं रांगेनं येऊन बघतील. गुलजारबी धोंड्याशेजारी बसून ऐकत होती. तिला काच दिसत नव्हती, दिवाही दिसत नव्हता. तिला पुढची जत्रा दिसत होती, आणि कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं की धोंडा होता बघा आपला, मुलाण्याच्या बाईच्या दारातून गेला.

तिनं गेनबाकडं पाहिलं. गेनबा पुढं झाला. “सायेब, ती थाप हुती. म्या मारली. ह्यो गोळा न्हाई.”

आनंदरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तुम्ही साधी माणसं, बाबा. आपल्याकडं केवढं मोठं काय आहे ते तुमचं तुम्हालाच कळत नाही.”

“तात्या,” गुलजारबी गेनबाला म्हणाली, “धोंड्यावर हात ठिवून सांगा. मग मानतील.”

गेनबाचा हात निघाला, अर्ध्यावर थांबला आणि बंडीच्या खिशात गेला. तो वर करंजाकडं बघायला लागला, जणू झाड आत्ताच उगवलंय. सबंध गावानं ते पाहिलं. आनंदरावांनीही पाहिलं आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं.

मग त्यांनी हमालांना खूण केली. हमाल जागचे हलले नाहीत. त्यातला मोठा म्हणाला की बायकोचं माहेर पासलीचं आहे, धोंड्याची रीत त्याला ठाऊक आहे. डोक्यावर घेतला की महिनाभराची पाळी आली, दारात गावची भांडणं आली, आणि त्याच्या घरात घरची तेवढी पुरेशी होती.

गुलजारबी उठून उभी राहिली. अंगानं बारीक, पण ती उठली की ओटा उंच झाल्यासारखा वाटायचा.

“न्या,” ती म्हणाली. गाव चमकलं. चंद्राबाईच्या हातातली चुंबळ खाली पडली. “कागद हाय, न्या. पर ह्या दारातनं धोंडा गाडीत बसून गेलेला न्हाई, डोक्यावर जातो. आन् ज्याच्या डोक्यावर जातो त्याची एक महिन्याची पाळी. तुमचं घर एकोणिसावं दार. तसं लिवून द्या आन् उचला.”

“आणि नाही लिहून दिलं तर?”

“तर मी ह्याच्यावर बसते. कागदात माझ्यासकट न्यायचं लिवलंय का, तेवढं बघा.”

आनंदरावांना हसू आलं. खेड्यातल्या बाईची समजूत काढायला एक कागद खर्ची घालायचा, त्यात काय. त्यांनी वहीचं पान फाडलं, एक महिन्याच्या पाळीसाठी घेतला, पुढचं दार चंद्राबाई, असं लिहिलं, सही केली आणि हौसेनं संस्थेचा शिक्काही मारला. चंद्राबाईनं आपली चुंबळ दिली नाही. शेवटी आनंदरावांनी गळ्यातल्या मफलरची चुंबळ केली, आणि चार जणांनी धोंडा उचलून त्यांच्या डोक्यावर दिला.

त्यांना सगळी उतरण तशीच उतरावी लागली. मागं अख्खं गाव, टेकवलात तर गावजेवण म्हणून आठवण करून देत. दर वळणावर ते डोक्यावरच्या धोंड्यासकट झाडाला टेकून उभे राहायचे आणि बायका प्रेमानं विचारायच्या, साहेब, जेवणात भात का भाकरी. टेम्पोपाशी पोचले तेव्हा ते दोन बोटं बुटके झाले होते, असं गेनबा पुढं सांगायचा. तोरण्याला बरं वाटलं असेल.

धोंडा मांडीवर घेतलेल्या आनंदरावांसकट टेम्पो गेला. चंद्राबाई गुलजारबीसमोर येऊन उभी राहिली. तीस वर्षांची शेजारीण, एकमेकींच्या खाचरात लावणी केलेली. “दीड वरीस वाट बघितली म्या. माझ्या तोंडाम्होरनं गेला. आन् तूच न्या म्हनालीस, गुलजार.” एवढं बोलून ती वर गेली, आणि त्या दिवसापासून तिनं गुलजारबीच्या ओट्यावरून जाणारी वाट सोडून लांबची वाट धरली.

गुलजारबीनं शिक्क्याचा कागद भाताच्या कणगीत खोल खुपसून ठेवला. संध्याकाळी दिवा लावला. ओट्यावर धोंड्याच्या जागी तेलाचा काळा गोल डाग तेवढा उरला होता. तिनं तो पुसला नाही.

चार दिवसांनी एहसान आला. भोरात त्याला कळलंच होतं. त्याचं म्हणणं साधं होतं, की ज्याच्यासाठी अम्मा इथं अडून बसली होती तेच आता गेलं, मग राहायचं कशासाठी.

“गेलं न्हाई,” गुलजारबी म्हणाली. “पाळीवर हाय. तुझ्याच गावात हाय. तुज्या दुकानापास्नं किती लांब?”

“मारुतीच्या मागं. दुकानाच्या समोरच.”

“बरं झालं. बाया घिऊन येते.”

बाया मिळायला उशीर लागला नाही. फुलाबाईची कोंबडी सगुणाबाईच्या परड्यात अंडं घालत होती, आणि अंडं कोंबडीवाल्याचं की परडंवाल्याचं, हा कज्जा पाळी संपायच्या आदल्या दिवशी निघाला होता. भांडण धोंड्यासमोर मिटायचं, धोंडा भोरात, म्हणून भांडणही भोरात न्यायचं, असं गुलजारबीनं त्यांना सांगितलं. त्या आधी हसल्या, मग एकमेकींकडं बघून त्यांना अंडं आठवलं आणि त्या निघाल्या. सोबत पुरावा म्हणून कोंबडी. पहिली एसटी धरून तिघी वेल्हे, नसरापूर, कामथडी करत कापूरहोळला आल्या, तिथून भोरची गाडी धरली. कंडक्टरनं कोंबडीकडं पाहिलं. सगुणाबाईनं त्याला सांगितलं की ती साक्षीदार आहे.

संग्रहालय म्हणजे तीन खोल्यांची कौलारू इमारत, उद्घाटन व्हायचं बाकी असलेली, अजून रंगाचा वास येणारी. मधल्या खोलीत काचेच्या पेटीत लाल मखमलीवर धोंडा बसवला होता. पुढं पाटी – तोफगोळा, किल्ले तोरणा परिसर. तेल नसल्यानं तो पांढुरका पडला होता, आजारी माणसासारखा. गुलजारबीनं आनंदरावांना कागदावरची त्यांची सही दाखवली आणि एकोणिसाव्या दाराचं पहिलं भांडण आणल्याचं कळवलं. दोघींनी काचेवर पंजे ठेवले आणि सुरू केलं. पंजे तेलाचे, हळदीचे. अर्ध्या तासानं शिपाई घाबरून आत आला. गुलजारबीनं त्याला तीन कप चहा सांगितला आणि साखर नको हे दोनदा सांगितलं.

आनंदरावांना पहिल्या दिवशी गंमत वाटली. त्यांनी चहा दिला. बायका दुपारी मिटवून गेल्या, एक आड एक अंडं ठरलं, आणि काचेवर चार पिवळे पंजे राहिले.

मग रोजच कुणी ना कुणी यायला लागलं. उंबरटेपाला तोवर माहीत नव्हतं की आपल्यात इतकी भांडणं आहेत. बांधाची आली, पाण्याच्या पाळीची आली. दोघा भावांचं बापाच्या एकाच घोंगडीवरून आलं, ते तिसऱ्या कपापर्यंत टिकलं. एकानं तर पूर्वी हरलेलं भांडण निव्वळ भोर बघायचं म्हणून पुन्हा काढलं. हळूहळू भोरच्या माणसांनीही वास काढला. भाजीबाजारातल्या दोघी आल्या, घरमालक आणि भाडेकरू आले. शाळेची मुलं रांगेनं आली आणि तोफगोळ्याकडं न बघता भांडणाऱ्यांकडं बघत उभी राहिली. काच पुसून पुसून शिपायाचा हात दुखायला लागला, आणि त्यावरून त्याचं आणि आनंदरावांचंच एक भांडण उभं राहिलं. त्या दिवशी साहेबांनीच चहा केला म्हणतात.

गुलजारबी सकाळी यायची आणि कुठल्याही परिस्थितीत संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. दिवा. एहसान म्हणायचा, एक रात्र राहिलीस तर काय बिघडेल. एके दिवशी कापूरहोळला गाडी बंद पडली आणि पुढची एसटी चुकली. त्या रात्री तिला परत भोरला येऊन एहसानकडं राहावंच लागलं. अम्रीननं गरम भाकरी वाढली, गुलजारबीनं ती मोडली आणि तशीच ठेवली. एकवीस वर्षांची असताना त्या दारात आली होती. ते दार आज पहिल्यांदा अंधारात असणार होतं.

दुसऱ्या दिवशी ती टेपावर चढली तेव्हा दारातल्या कोनाड्यातली पणती जळून गेलेली होती. वात नवी, तेल ताजं, आणि वात वळायची पद्धत चंद्राबाईची, डावीकडून. नियम दिवा लागण्याचा होता. तो कुणाच्या हातानं लागावा हे कुणी कधी म्हटलं नव्हतं. गुलजारबी लांबच्या वाटेनं वर गेली आणि चंद्राबाईच्या ओट्यावर बसली. थोड्या वेळानं चंद्राबाईनं चहा आणून ठेवला. साखरेचा होता.

पौषातली अमावास्या आणि संग्रहालयाचं उद्घाटन एकाच दिवशी आलं. मुहूर्त बघायला आनंदरावांना वेळ मिळाला नसावा, किंवा उंबरटेपाच्या धोंड्यानंच तो ठरवला असावा. सकाळी दहाला संस्थेच्या अध्यक्षा येणार होत्या. आठला अठरा दारांची माणसं आली, पुढं चंद्राबाई, तिच्या हातात तीच चुंबळ.

आनंदराव पायरीवर आडवे उभे राहिले. इतके दिवस चहा पाजलेला माणूस, आवाज चढवावासा त्यांना वाटत नव्हता. “अहो बाई, तो कागद गंमत म्हणून लिहिला होता. वस्तू एकदा नोंदवहीत चढली की परत जात नाही.”

“म्हंजे द्यायची कुरकुर हाय,” गुलजारबी म्हणाली.

“कुरकुर म्हणा हवं तर.”

ती गावाकडं वळली. “ऐकलं न्हवं? बसा मग.”

आणि गाव बसलं. पाहुण्यांसाठी अंथरलेल्या सतरंजीवर समोरासमोर दोन पंगती धरून. प्रत्येकानं पिशवीतून पत्रावळ काढली आणि पुढं मांडली. गावजेवण लागू झालं होतं. पत्रावळ वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यांनी संग्रहालयातलीच जुनी वजनं घेऊन तिच्यावर ठेवली. पलीकडच्या दुकानातून एहसान बाहेर आला. गळ्यात मोजायची टेप, कानावर खडू. आईकडं बघत क्षणभर उभा राहिला. मग त्यानं शटर ओढलं, आत येऊन पंगतीत शेवटी मांडी घातली आणि शेजाऱ्याला विचारलं की जादा पत्रावळ आहे का. गुलजारबीनं त्याच्याकडं पाहिलं नाही. तिला पदर सारखा करायचा होता.

दहाला अध्यक्षा आल्या. भोरच्या जुन्या शिक्षिका, जाड भिंगाचा चष्मा, सगळं स्वतः वाचून बघायची सवय. त्यांनी पंगती पाहिल्या, काचेवरचे पंजे पाहिले, गुलजारबीचा कागद वाचला, सरपंचाचं पत्र वाचलं आणि आनंदरावांना विचारलं की हा तोफगोळा असल्याला आधार काय.

“स्थानिक वृद्धांची मौखिक माहिती,” आनंदराव म्हणाले आणि त्यांनी नाइलाजानं गेनबाकडं बोट दाखवलं.

“यांना विचारू या की मग.”

गुलजारबी गेनबाजवळ गेली. “तात्या, त्या दिवशी तुमी हात मागं घेतला म्हनून ह्यो हितवर आला. आज ठेवा. लिहिणारं समोर हायती.”

काच उघडली. चंद्राबाईनं आधी आपली चुंबळ टेबलावर मांडली, मग दोघींनी धोंडा मखमलीवरून काढून तिच्यावर बसवला. गेनबा पुढं आला. सत्तर वर्षं खिशात, पाठीमागं, डोक्यावर कुठंही दडवलेला हात त्यानं हळूहळू पुढं केला आणि खाली ठेवला. फुलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या हयातीत गेनबा खरं बोलताना बघायला मिळेल असं तिला वाटलं नव्हतं.

“ह्यो आमच्या खालच्या वढ्यातला धोंडा,” गेनबा खालच्या आवाजात म्हणाला. “बायांनी धुनं धुवायला वर आनला. तोफ ह्यानं बघितली न्हाई, आन् तोफंनं ह्याला न्हाई. म्या थाप मारली. बास.”

अध्यक्षांनी सरपंचाचं पत्र पुन्हा डोळ्यांजवळ धरलं. “आनंदराव, संमती तोफगोळ्याची आहे. हा तर धुण्याचा दगड.” मग त्या गुलजारबीकडं वळल्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. “पण मग बाई, धुण्याच्या दगडासाठी एवढं? याच्यात आहे काय?”

“काय बी न्हाई,” गुलजारबी म्हणाली. “त्यो फिरतो, आमी त्याच्या मागनं फिरतो. काचंत ठिवला तर तुमाला बी त्याचा उपेग न्हाई आन् आमाला बी.”

अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि दगड परत करा म्हणाल्या. पाहुण्यांसाठी आणलेला शिरा गावच्या पत्रावळींवर वाढायलाही सांगितलं. कुरकुर तर झालीच होती.

धोंडा चंद्राबाईच्या डोक्यावर स्टँडवर आला आणि एसटीत पुढच्या सीटवर, तिच्या मांडीवर बसला. टेकायचं नाही म्हणून कामथडीपर्यंत तिनं, पुढं सगुणाबाईनं, मग फुलाबाईनं तो मांडीवर घेतला. कंडक्टरनं विचारलं हे काय आहे. अख्ख्या गाडीनं एकदम सांगितलं की पाळी आहे, आणि त्यानं पुढं काही विचारलं नाही.

गुलजारबी गेनबाशेजारी बसली होती. टेबलापाशी ती त्याच्या अगदी लगत उभी होती, आणि तिनं जे पाहिलं ते दुसऱ्या कुणाच्या नजरेत येण्यासारखं नव्हतं. चुंबळीच्या फडक्याचा एक शेव धोंड्यावर पडला होता. गेनबाचा पंजा त्या फडक्यावर होता. बोटाचं टोकसुद्धा दगडाला लागलं नव्हतं.

“तात्या,” तिनं हळूच विचारलं, “आज खरं बोललात, का उन्हाळ्यात सायबाला सांगितलं तवा?”

गेनबा खिडकीबाहेर बघत होता. “गुलजार,” तो म्हणाला, “तुमच्या घरात आमटीला मीठ कमी पडतं का गं कधी?”

कमी पडायचं. अमजदच्या आजीपासून त्या घराची ती खोड होती. गुलजारबी पदरात तोंड घालून वेल्ह्यापर्यंत हसत राहिली, आणि ती का हसते हे तिनं चंद्राबाईलाही सांगितलं नाही.

धोंडा आपल्या वाटेनं दारोदार फिरला. दारं आता एकोणीस, कारण शिक्क्याचा कागद कणगीतच होता आणि लिहिलेलं मोडायची उंबरटेपाला सवय नव्हती. पुन्हा गुलजारबीची पाळी आली तेव्हा एहसान आणि अम्रीन दर जुम्याला दुकान बंद करून टेपावर यायला लागले. कुलपाचा विषय कुणी काढला नाही. अम्रीनचा तर बिनसाखरेच्या चहावर इतका हात बसला की भांडणारे बरोबर दुसऱ्या कपाला नरमायला लागले.

महिना भरला. अमावास्येच्या सकाळी करंजाखालून आनंदराव वर आले. एकटेच. काखेत स्वतः बांधलेली, नीट शिवलेली चुंबळ. संग्रहालयात पेटी काढून त्यांनी ओटा बांधून घेतला होता, आणि शिपायाला चहाचं भांडं घेऊन दिलं होतं. गुलजारबीनं त्यांना बसायला सांगितलं. त्यांनी धोंड्याकडं पाहिलं, मग इकडंतिकडं बघून आवाज खाली केला.

“गुलजारबी, आता आपल्यातच सांगा. तोफगोळा आहे की नाही?”

“हात ठिवून इचारताय का तसंच?”

आनंदरावांचा हात उठला, धोंड्याजवळ गेला आणि परत गुडघ्यावर आला. गुलजारबी आत गेली. तिनं चहा आणून त्यांच्यापुढं ठेवला. साहेबांनी बशीत ओतला, फुंकर मारली, पहिला घोट घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.